आधी पोती मोजा

मॅडम, नमस्कार. कराडजवळच्या गावात आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. पाच वर्षं झाली, आम्ही धुण्याची पावडर करून आठवडी बाजारात आणि आसपासच्या किराणा दुकानांत विकतो. महिन्याला तीनशे किलो जाते. शंभर किलोच्या घाण्याला माल असा: ॲसिड स्लरी १० किलो, सोडा ४०, ग्लोबर साल्ट २०, डोलोमाइट २५, बाकी पाच किलोत एसटीपीपी, सीएमसी (सुटलेला मळ परत कपड्यावर बसू न देणारी भुकटी), टिनोपाल, निळे दाणे आणि सेंट. माझी मुलगी पुण्याला पर्यावरण विषयात एम.एस्सी. करते. दिवाळीला आली तेव्हा शेडमध्ये पोत्यांवरची नावं वाचत बसली आणि म्हणाली, ‘आई, फेस नदीत जातो ते नंतरचं. हा माल बनतानाच किती घाण होते, ठाऊक आहे का तुला?’ तेव्हापासून कामात मन लागत नाही. ती म्हणते रिठ्याची पावडर करा, नाहीतर बंद करा. गटातल्या बायका म्हणतात, तुझ्या पोरीचं शिक्षण आमच्या पोटावर कशाला? एकीचं म्हणणं, नारळापासून केलेलं नॅचरल केमिकल मिळतं, ते घालू. खरंच आमच्या तीनशे किलोनं एवढं काय होतं? आणि बदलायचं तर काय बदलू?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

ताई,

माल वजनासकट लिहून पाठवलात, फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा ‘केमिकल’ एवढाच शब्द असतो. त्यावर मी काय सांगणार, कप्पाळ! मीठही केमिकल आणि तेजाबही केमिकल. माझी पंचवीस वर्षं साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथे एक खोड लागली ती अजून सुटलेली नाही: नाव वाचायच्या आधी काटा बघायचा. मागे किती घाण राहिली हे नाव किती भीतीदायक आहे त्यावर ठरत नाही, किती किलो वापरलं त्यावर बरंच ठरतं. (बरंच म्हटलं, सगळं नाही. ते पुढे येईल.)

तेव्हा तुमच्या यादीतलं सगळ्यात जड पोतं आधी उघडू.

सोडा. शंभरात चाळीस. पांढरा, गरीब दिसणारा, आजीच्या काळापासून घरात असलेला. आजीच्या आजीचा सोडा मात्र वेगळ्या गावचा होता. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून आणि काठावर साचणाऱ्या थरांतून पूर्वी खार काढत. डल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची नावं होती. साबणाला, काचेला तो जाई. लोणारला काच आणि साबण करायचा माल मिळतो अशी नोंद अकबराच्या काळातही झालेली आहे. तळ्यानं दिलेला खार खरवडून घ्यायचा, एवढंच काम.

आजचा सोडा कारखान्यात होतो आणि आपल्या देशातला बहुतेक सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होतो. मीठापूर, पोरबंदर, सुत्रापाडा, भावनगर. गावांची जागा बघितली की कृती निम्मी कळते: एका अंगाला समुद्राचं मीठ, दुसऱ्या अंगाला चुनखडी. अर्नेस्ट सॉल्वे नावाच्या बेल्जियन गृहस्थानं १८६१ साली ही रीत बसवली. मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवायचा, चुनखडी भाजून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून सोडायचा. तळाशी बसतो तो चक्क खाण्याचा सोडा. तो भाजला की धुण्याचा. अमोनिया परत मिळवून पुन्हा वापरतात. त्याआधी इंग्लंडात लब्लां पद्धतीनं सोडा करत, तेव्हा धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटायची, आसपासची झाडं करपायची, शेतकरी बोंबलायचे. शेवटी १८६३ साली ब्रिटिश संसदेला त्यासाठी खास कायदा करावा लागला. सॉल्वेची रीत हा त्या काळचा ‘स्वच्छ पर्याय’ होता हे तुमच्या लेकीला जरूर सांगा. स्वच्छ पर्यायांचंही पुढे काय होतं ते तिनं बघायला हवं.

कारण मिठातलं क्लोरीन आणि चुनखडीतलं कॅल्शियम यांना सोड्यात जागा नाही. ते दोघं जोडी जमवून कॅल्शियम क्लोराइड होऊन बसतात. तुमचाच हिशेब मांडते. महिन्याला तीनशे किलो पावडर म्हणजे १२० किलो सोडा. कणभरही वाया गेलं नाही असं धरलं तरी त्याला १३२ किलो मीठ आणि ११३ किलो चुनखडी लागली, आणि मागे १२५ किलो कॅल्शियम क्लोराइड उरलं. वर्षाला दीड टन. हे समीकरणावरून काढलेलं. खऱ्या कारखान्यात मीठ आणि चुनखडी याहून जास्तच खपते. शिवाय चुन्याच्या भट्टीला कोक आणि वाफेला कोळसा.

हे कॅल्शियम क्लोराइड काही जहर नाही. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात, धूळ बसवायला शिंपडतात. पण जेवढं निघतं तेवढं घेणारं गिऱ्हाईक जगात नाही. मग ते खारं, गढूळ पाणी चुन्याच्या गाळासकट बाहेर जातं, किनाऱ्यावर असेल तर बहुधा समुद्रात. इटलीत तस्कनीच्या किनाऱ्यावर रोझिन्यानो सॉल्वे म्हणून गाव आहे. गावाला नावच कारखान्याचं. तिथली वाळू अशी पांढरीशुभ्र आणि पाणी असं फिरोजी, की लोक सुट्टीला चटया घेऊन जातात, लग्नाचे फोटो काढतात. तो पांढरेपणा सोड्याच्या कारखान्यातून शंभर वर्षं येत राहिलेल्या गाळाचा आहे. घाण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काळंच येतं. ही पांढरी असते.

आता यातली माझी खरी तक्रार. दहा किलो स्लरीचं आम्ल मारायला सोडा लागतो जेमतेम दोन किलो. उरलेला अडतीस किलो कशाला? पाण्याचा जडपणा काढायला आणि तेलकट मळ सोडवायला. तो लागतोच, विशेषतः बोअरच्या पाण्याला. पण अडतीस किलोच का? तुम्ही कधी पस्तीस घालून बघितलाय, तीस? मला वाटतं तो आकडा पाच वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात कुणीतरी फळ्यावर लिहिला आणि अकरा जणींनी वहीत उतरवून घेतला. महाराष्ट्रातल्या निम्म्या गटांच्या वह्यांत तोच आकडा आहे. कऱ्हाडचं पाणी वेगळं, अंबाजोगाईचं वेगळं, वही एक.

स्लरीकडे येऊ. हे नाव वाचून लेक दचकली असणार, आणि दचकण्यासारखंच आहे. काकवीसारखी दाट, काळपट. सोड्यावर धार सोडली की फसफसते, घमेलं गरम होतं, पावडर फुलून वर येते. तुमच्या शेडमध्ये हे प्रत्येक घाण्याला होतं, तेव्हा मी नवीन काही सांगत नाही. ती येते कुठून ते सांगते. रॉकेलमधले सरळ साखळीचे रेणू वेगळे काढतात, त्यांना बेंझीन जोडतात. त्याला धंद्यात लॅब म्हणतात. आपल्याकडे रायगडातल्या पाताळगंगेला, वडोदऱ्याला, चेन्नईजवळ मणलीला ते होत आलंय. त्यावर गंधकाचा वायू चढवला की तुमची स्लरी. म्हणजे मूळ जमिनीखालच्या खनिज तेलात, मधे बेंझीन, ज्यानं रक्ताचा कर्करोग होतो. जोडणी घडवून आणायला जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते गळलं तर माणसाच्या कातडीतून हाडापर्यंत जातं. १९९५ पासून घन पदार्थावर ही जोडणी करायची रीत आली, तीत हे आम्ल लागत नाही. लॅबची स्लरी करणारे लहान कारखाने काही ठिकाणी अजून वायूऐवजी ओलियम, म्हणजे जहाल गंधकाम्ल वापरतात. त्यात खराब झालेलं आम्ल उरतं. त्याचं काय करायचं हा प्रश्न कारखानदाराच्या नीतीवर सोडलेला असतो, आणि नीती रात्री बारानंतर झोपते.

यातलं तुमच्या हातात काय? एक मोठी गोष्ट आहे. स्लरीवाल्याकडे ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ असे दोन प्रकार असतात. सॉफ्ट म्हणजे सरळ साखळीची, हार्ड म्हणजे फांद्या फुटलेल्या साखळीची. पावडर दोन्हींची होते. हार्डला फेसही झकास येतो. पण पाण्यातल्या जिवाणूंना ती फांद्यांची साखळी खाता येत नाही. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सगळीकडे हार्डच होती. जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगायचे, अमेरिकेत काही घरांत नळ सोडला की ग्लासात फेस यायचा. जर्मनीनं १९६१ साली कायदा केला, अमेरिकेतले कारखानदार १९६५ च्या सुमाराला आपणहून सॉफ्टवर आले. आपण साठ वर्षांनंतर हार्ड विकत घेण्यात काही अर्थ नाही. बिलावर ‘सॉफ्ट’ लिहून घ्या. भावात फार स्वस्त मिळाली तर खूश होऊ नका, कॅन परत करा. सॉफ्टसुद्धा हवा असलेल्या पाण्यातच नीट सडते, गटारातल्या काळ्या, श्वास कोंडलेल्या चिखलात नाही, हे लेक तुम्हाला सांगेलच. ते खरं आहे.

मी सुरुवातीला ‘बरंच, सगळं नाही’ म्हटलं ते या दहा किलोंसाठी. किलोमागे स्लरीचा भार सोड्याहून जड आहे. पण मळ काढणारी खरी कामकरी तीच आहे, तिच्यात काटछाट करून उरेल काय? ती तशीच राहू द्या.

मधेच एक मुद्दा लेकीसाठी. तिच्या पुस्तकांत बहुधा असं असेल की धुलाईत सगळ्यात जास्त ऊर्जा पाणी तापवायला लागते, पावडर बनवायला नाही. ते युरोपचं चित्र आहे. तिथे मशीन पाणी तापवतं. आपल्या बायका बादलीत गार पाणी घेऊन बसतात, मशीन असलं तरी गार पाण्यावरच लावतात. ऊन फुकट वाळवतं. त्यामुळे आपल्या धुण्याचा हिशेब मांडला तर तापवण्याचा आकडा जवळपास नाहीसा होतो, आणि पोत्यातला माल व मोरीतून गेलेलं पाणी हेच वर येतात. म्हणजे तिचा मूळ प्रश्न, माल बनताना काय होतं, हा जर्मनीपेक्षा कऱ्हाडात जास्त लागू आहे. तिला शाबासकी द्या.

बारीकसारीक भराभर सांगते. एसटीपीपी म्हणजे फॉस्फेट. खडक खणून आम्ल करावं लागतं, त्यात टनामागे सुमारे पाच टन जिप्समचा कचरा उरतो, आणि शेवटी तेच फॉस्फेट नदीत जाऊन जलपर्णीचं खत होतं. युरोपनं २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीत ते नाममात्र ठेवलंय. तुमच्या पाच किलोच्या चिल्लरीत ते असेल किलो-दोन किलो. एवढ्यानं पाणी मऊ होत नाही, नुसतं समाधान. काढून टाका. टिनोपाल मळ काढत नाही, कापडावर बसून उन्हात निळसर चमकतं एवढंच. पिवळटपणा झाकायचं हे काम आजीची नीळ तिच्या रीतीनं करायची. निळे दाणे तर नुसती नजरभूल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळे कुत्रे फिरताना दिसले, फोटो सगळीकडे गेले होते, आठवत असेल. डिटर्जंटसाठी निळा रंग वापरणाऱ्या एका कारखान्याचं नाव तेव्हाच्या बातम्यांत आलं आणि प्रदूषण मंडळानं तो बंद करायला लावला. पावडर धुते ती पांढऱ्या भागानं. निळ्या ठिपक्यांचं काम दुकानात.

आता डोलोमाइट. ताई, हसू नका, पण डोलोमाइट म्हणजे दळलेला दगड. पाण्यात विरघळत नाही, मळ धरत नाही, पाणी मऊ करत नाही. काळ्या कपड्यावर धुतल्यावर पांढरट भुकटी राहते अशी तक्रार येते ना तुमच्याकडे? नक्की येत असणार. ती हीच. पूर्वी दगड नदीवर असायचा आणि कपडा त्यावर आपटायचे. आता दगड पावडरीत आलाय आणि आपण त्याचे पैसे मोजतो. ग्लोबर साल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, थोडं बरं. ते बरेचदा रेयॉनसारख्या दुसऱ्या धंद्यांचा जोड-माल म्हणून निघतं, विरघळतं, पावडर मोकळी ठेवतं. पण धूत तेही नाही.

तेव्हा तुमच्या शंभर किलोंत पंचेचाळीस किलो भरती आहे. बरीचशी खाणीतून निघालेली, चक्कीत दळलेली, प्लॅस्टिकच्या पोत्यात भरलेली, ट्रकनं आलेली, तुम्ही पाठीवर उचललेली, अकरा जणींनी चाळलेली, गिऱ्हाइकानं घरी नेलेली आणि मोरीत ओतलेली भरती. कपड्याला तिचा पत्ताच नाही. तुम्ही विचारलंत, तीनशे किलोनं एवढं काय होतं. मीठापूरचं तुमच्यामुळे काही अडत नाही, पाताळगंगेचंही नाही. पण त्या तीनशेतले एकशे पस्तीस किलो कपडे धुण्याच्या उपयोगाचे नाहीत. आणि हे कोणत्या कंपनीनं नाही, तुमच्या वहीनं ठरवलंय.

रिठ्याचं आता. मला रिठा आवडतो. माझी पैठणी आणि लोकरीच्या शाली मी रिठ्याशिवाय कशातही घालत नाही. पण पिठाच्या गिरणीतल्या माणसाचा शर्ट किंवा गॅरेजवाल्या पोराची पँट रिठ्यात घालून बघा. फेस येईल, मळ हसत राहील. दुसरं असं की रिठ्यातला फेसाचा अंश माशांना चांगलाच बाधतो. डोहात अशा फळा-सालींचा चेचा टाकून मासे गुंगवून धरायची रीत जुनी आहे. म्हणजे झाडावरून आलं म्हणून ओढ्याला चालतं असं नाही. आणि महिन्याला तीनशे किलो रिठा कुठल्या झाडांवरून आणणार? रेशमासाठी म्हणून छोट्या पाकिटात विका, चांगला खपेल. रोजच्या धुण्याचा सगळा भार त्या बिचाऱ्या झाडावर नको.

नारळाच्या नॅचरल केमिकलमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. जाहिरातीत नारळाचं चित्र असतं. कॅनमध्ये जे असतं ते बहुतेक वेळा पामच्या बियांच्या तेलापासून केलेलं. हे तेल इंडोनेशिया-मलेशियाचं. सुमात्रा आणि बोर्निओतली जंगलं तोडून, दलदलीच्या जमिनी उपसून पामची लागवड झाली. त्या दलदली वाळलेल्या गवताच्या गंजीसारख्या पेटतात. २०१५ साली त्यांचा धूर सिंगापूरपर्यंत महिनोन्‌महिने कोंडला होता. सगळंच पाम वाईट असं मी म्हणत नाही. पण रॉकेलपासूनचं ते पाप आणि पामचं ते पुण्य, इतकं सोपं खातं मला तरी मांडता येत नाही. तुमच्या मैत्रिणीला विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: तेल कोणत्या झाडाचं आणि कुठून आलं? उत्तरादाखल सुवासिक बाटली हातात दिली, तर उठून यायचं.

हल्ली संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करतात, तेही कुणीतरी सुचवेल. फरशीला वापरा. सोड्याच्या पावडरीत ओतलंत तर त्यातला आंबटपणा आणि सोडा एकमेकांना मारतील, तुमच्या पदरात खारट पाणी. खरे एन्झाइम, मोठ्या कंपन्या दाण्यांत घालतात ते, फार गुणाचे आहेत. चिमूटभरात स्लरीचं बरंच काम करतात. पण त्यांची उघडी भुकटी शेडमध्ये हातानं मिसळू नका. १९६० च्या दशकात परदेशात अशा कारखान्यांतल्या कामगारांना त्या धुळीनं दमा जडला, म्हणून तर ते आता आवरणात बंद करून घालतात. कुणी स्वस्तात भुकटी देऊ केली तर नको म्हणा.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर पहिल्या घाण्याला डोलोमाइट पूर्ण काढलं असतं. ग्लोबर साल्ट विसावरून दहावर. स्लरी दहा, सोडा सध्या चाळीसच, चिल्लर पाच धरू (एसटीपीपी काढलं की त्याहून कमी). झाले पासष्ट किलो. यात शंभर किलोइतकेच कपडे धुतले जातात, कारण धुणारा माल तेवढाच आहे. ग्लोबर साल्ट सगळं काढू नका. स्लरी ओली असते, टिपायला काहीतरी कोरडं लागतं, नाहीतर पावडर लाडवासारखी वळते.

दुसऱ्या घाण्याला सोडा पस्तीस, तिसऱ्याला तीस. प्रत्येक वेळी परीक्षा घ्यायची ती आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी, तिला यंत्र लागत नाही. एक जुना पंचा स्वयंपाकघरात चार दिवस हात पुसायला ठेवा. चांगला तेलकट-हळदीचा झाला की मधून टर्रकन फाडा. अर्धा जुन्या पावडरीत, अर्धा नव्या. पाणी तेच, बादली तीच, भिजवायची वेळ तीच, चोळणारी बाईही तीच. वाळल्यावर शेजारी शेजारी उन्हात धरा. कोणता कोणता ते माहीत नसलेल्या बाईला ओळखायला सांगा. ज्या आकड्याला ती ओळखू लागेल, त्याच्या आधीच्या आकड्यावर थांबा. बोअरचं आणि नळाचं असं दोन्ही पाण्यांत बघा. लेकीला सुट्टीत हेच काम द्या, आणि पाण्याचा जडपणा तपासून आणायलाही तिलाच पाठवा. पोत्यावरची नावं वाचणं सोपं असतं, पंचा धुणं तिला जास्त शिकवेल. सोडा तीसवर आला तर वर्षाला ३६० किलो सोडा वाचला, त्याच्या मागचं खारं पाणीही. भरती गेली त्याचे सव्वा टन वेगळेच.

आता तुमच्या मैत्रिणींचा पोटाचा प्रश्न, तो लेकीच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं. तुमच्या किलोच्या जागी ६५० ग्रॅमचं पाकीट त्याच पैशाला ठेवलंत तर बाई म्हणणार, लुबाडलं. म्हणून पाकिटात चमचा टाका आणि किलोचा नाही, धुण्याचा भाव सांगा. बादलीला ४० ग्रॅम पावडर जात होती असं धरा, किलोत पंचवीस धुणी. आता, पासष्ट किलोच्या घाण्याला, २६ ग्रॅमचा चमचा, ६५० ग्रॅममध्ये पंचवीसच धुणी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘२५ धुणी’. चमचा मात्र खरंच २६ ग्रॅमचा हवा. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. चमचा दिला नाही तर बाई सवयीनं मूठभर टाकेल, आणि मग भरती काढून उलटंच होईल, स्लरी आणि सोडा दीडपट जाईल नदीत. डोलोमाइटचे पैसे, पोत्यांचं भाडं, मजुरी वाचेल ती गटाची.

फेस कमी झाला म्हणून ओरड होईल का? नाही होणार, स्लरी कमी केलेलीच नाही. पण कुणी जास्त फेस मागितला तर देऊ नका. फेस जास्त म्हणजे खळबळायला एक बादली जास्त. बाजारात टेबलावर तो फाडलेला पंचा दोन्ही अर्धे टांगून ठेवा, मला नाही वाटत तुम्हाला फार बोलावं लागेल.

एक तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मोरीचं पाणी अळूला किंवा केळीला सोडलेलं असतं प्रत्येक घरी, तुमच्याकडेही असेल. सोडा, ग्लोबर साल्ट, दोन्हींत सोडियम. कृष्णाकाठच्या माणसाला चोपण जमीन काय असते ते सांगायला नको. ती मुख्यतः जास्त पाण्यानं होते हे खरं, पण परसातल्या चार हातांच्या वाफ्याला धुण्याचं पाणीही पुरतं. माती वर पांढरी आणि पावसात चिकट होऊ लागली तर धुण्याचं पहिलं पाणी तिथे जाऊ देऊ नका, खळबळल्याचं जाऊ द्या.

आणि स्लरीचे रिकामे कॅन. ते विसळून ओढ्याला ओतता का? कुणी तरी ओततंच. तळाशी राहिलेल्या काळ्या थरावर मूठभर सोडा टाका, थोडं पाणी घाला, फसफसणं थांबेपर्यंत हलवा, आणि तो काला पुढच्या घाण्यात जिरवा. वाया काहीच जात नाही आणि कॅन भंगारवाल्याला देताना त्याच्या पोराचा हात भाजत नाही.

नव्या प्रमाणाच्या पहिल्या दोन घाण्यांत ढेकळं होतील, भरती कमी आहे ना. तेव्हा डोलोमाइटचं पोतं परत उघडू नका. स्लरी एकदम ओतली गेलेली असेल. पातळ धार धरायची, एकीनं धार धरायची आणि दुसरीनं सतत हलवत राहायचं, मग रात्रभर पसरून ठेवून सकाळी चाळायची. धार धरणारीनं कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि चष्मा घालायचा. पाच वर्षं घातले नसतील, मला माहीत आहे.